वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : यंदा काय झालं, यंदा काय वाचलं

डिसेंबर लागला की या सदरात येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी लोक विचारतात मुलाला कुठलं पुस्तक देऊ, अमुक कवितेचा अर्थ काय, पण वर्ष सरायला आलं की स्वतःबद्दल लिहितात, काय मिळालं, कोण गेलं, किती वाचलं, किती राहून गेलं. मला ही पत्रं फार जवळची वाटतात. त्यातली चार इथे घेतलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण तशा अर्थाची पत्रं बरीच आलीत आणि त्या सगळ्यांना मिळून एकदाच नीट उत्तर द्यावं असं वाटलं.

प्रश्न : नमस्कार बाई. मी डिचोलीची, पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज कदंबच्या बसने येजा, माझं वाचन सगळं त्या बसमध्येच होतं. यंदा चाळीस पूर्ण झाली, स्कूटर शिकले आणि लायसन्स मिळालं, मुलगी दहावी पास झाली, आणि पावसात, हॉस्पिटलच्या फेऱ्यांनंतर, सासरे गेले. जानेवारीत मोबाईलवरच्या ॲपवर पन्नास पुस्तकांचं चॅलेंज घेतलं होतं ते चौदावरच अडकलं. मैत्रिणी आता वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाचे फोटो टाकतायत आणि मला ते बघवत नाहीत. वर्ष हातातून निसटलं असं वाटतं. आढावा घेऊ की नको? घ्यायचा तर कसा? मला तू म्हटलंत तरी चालेल.

तूच म्हणते मग. आधी ते पन्नास बाजूला ठेवूया. जानेवारीत, घरात सगळं ठीक असताना, पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणालाच कल्पना नसताना तू एक आकडा टाकलास. त्या आकड्याला काय माहीत की घरात आजारपण येणार, हॉस्पिटलच्या फेऱ्या होणार, मग दिवसकार्य, मग सासूबाईंना संध्याकाळी एकटं ठेवता येणार नाही, आणि त्यातच मुलीची ॲडमिशन. एवढं सगळं करून जी चौदा पुस्तकं वाचते ती माझ्या लेखी पक्की वाचणारी, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये.

आकड्यावर माझा राग आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. आकडा गाठायचा म्हटलं की माणूस हळूहळू बारीक पुस्तकं उचलायला लागतो, लवकर संपणारी, सोपी जाणारी. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्यायचं धाडस होत नाही कारण ते जाडजूड आहे, चार भागांचं, तेवढ्यात दुसरी चार पुस्तकं होतील असा हिशोब मनात सुरू होतो. आणि बारीक पुस्तकांचंही सगळ्यांचं सारखं नसतं. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ हातात घेतलं तर पातळच आहे पण त्यातलं एकेक प्रकरण वाचून पुस्तक मिटून बसावं लागतं, मग पुन्हा महाभारतात जाऊन बघावंसं वाटतं की हे खरंच असं आहे का, आणि महिना कुठे जातो कळत नाही. ॲपमध्ये त्याचंही एक आणि प्रवासात वाचून सीटवर सोडून दिलेल्या रहस्यकथेचंही एक. हा हिशोब वाचणाऱ्या माणसाचा नव्हेच.

आता आढावा. घे, जरूर घे. पण जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असा घेऊ नकोस, कारण आपल्याकडे गोष्टी तशा लक्षात राहतच नाहीत. गोव्यात कुणालाही विचार अमुक कधी झालं, तो तारीख सांगणार नाही, तो सांगेल गणेशचवथीच्या आधी, होळीच्या शिगम्यानंतर, काजू चालू होते तेव्हा, मिरग लागला त्या आठवड्यात, आमच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. आपल्या घराचं वर्ष असं चालतं आणि वाचनही त्याच्याबरोबरच चालतं, फक्त आपण कधी तसं बघत नाही. मिरग लागून पाऊस धरला की लाईट जाते, बाहेर पडता येत नाही, जाडी कादंबरी त्याच दिवसांत होते. श्रावणात आयतार, पूजा, पाहुणे, मग चवथीची साफसफाई, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या, त्या दिवसांत कुठली बाई पुस्तक वाचते मला दाखव. दिवाळीचे फोव खाऊन झाले, तुळशीचं लग्न लागलं की गावागावांतल्या जत्रा सुरू होतात आणि हवा कोरडी होते, तेव्हा कविता, ललित, थोडं थोडं असं वाचायला बरं वाटतं. शिगम्यानंतर परीक्षा आणि उकाडा. तेव्हा एक संध्याकाळ सासूबाईंना घेऊन बस, चहा कर, आणि यंदाचं वर्ष असं सणासणांनी आठवत जा. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आठवेल बघ. त्या सांगतील की लायसन्स मिळालं तेव्हा सासरे अजून फिरते होते आणि त्यांनीच पेढे आणले होते, किंवा असंच काहीतरी. ते सगळं वहीत उतरवून घे, आणि मग त्याच्या शेजारी लिही की तेव्हा तुझ्या पर्समध्ये कुठलं पुस्तक होतं.

पुस्तक आठवत नसेल तर लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखेचा शिक्का असतो, अजून घरात असतील ती बघ. फोनमधले फोटो बघ, टेबलावर कुठेतरी कोपऱ्यात पुस्तक दिसतंच. आणि अर्धी सोडलेली पुस्तकं वगळू नकोस हां. हे मला जरा जोरात सांगायचंय. सासरे हॉस्पिटलात असताना जे पुस्तक उघडलंस आणि पुढे गेलंच नाही त्याचं नाव, कुठल्या पानावर थांबलीस ते, आणि का थांबलीस ते लिही. मला तर वाटतं तुझ्या यंदाच्या वर्षाबद्दल ते अर्धं पुस्तक त्या चौदांपेक्षा जास्त सांगेल. काही वर्षांनी तेच पुस्तक तू तिथूनच पुढे वाचायला घेशील तेव्हा त्या पानाचं मोल कळेल.

पुस्तक आणि आयुष्यातला टप्पा हे दोन वेगळे कप्पे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचं उदाहरण देते. जन्म १८७६ चा. शाळा फारशी झालेली नाही, घरचं माडांचं भाट बघायचं, लग्न झालेलं, घरची जबाबदारी अंगावर. अशा माणसाच्या हातात १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाच्या मासिकाचा अंक पडतो, लहान मुलांसाठीचं मराठी मासिक ते, त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र असतं. ते वाचून हा माणूस पेटतो. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, घर सोडून आधी पुणे, मग काशी, नेपाळ, पुढे सिलोन. पाली भाषेचा एवढा मोठा पंडित झाला की पुढे हार्वर्डला बोलावणं आलं. हे त्यांनी स्वतःच ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितलंय, १९२४ मध्ये ते पुस्तकरूपात आलं, आणि मराठीत इतकं सरळ, काहीही न फुगवता लिहिलेलं आत्मचरित्र क्वचितच मिळेल. मला विचारशील तर पुढच्या वर्षाची सुरुवात त्यानेच कर. मुद्दा असा की मुलांच्या मासिकातला एक छोटा लेख, तो कुठल्या यादीत आला असता? पुस्तक नाही, पन्नासात धरला जाणार नाही, ढिगाच्या फोटोत दिसणार नाही. पण त्या माणसाच्या आयुष्याची दिशा त्यानेच फिरवली. म्हणून तुझ्या चौदांत कुठला लेख, कुठली कविता, पेपरच्या पुरवणीतला कुठला मजकूर मनात घर करून राहिला तेही लिही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचलेलं काही असेल तर ते आधी.

आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट. स्कूटर आली याचा मला खूप आनंद झाला, चाळिशीत शिकणं सोपं नाही, रस्ते आणि ट्रॅफिक बघता तर अजिबातच नाही. पण पत्रात तू लिहिलंयस की वाचन सगळं बसमध्ये होतं. उद्या स्कूटरने थेट पणजीला जायला लागलीस तर ते वाचन जाणार. तेव्हा डिचोलीच्या स्टँडपर्यंत स्कूटर आणि पुढे बस असं जमतं का बघ, निदान आठवड्यातले काही दिवस तरी. पणजीच्या स्टँडवर उतरलं की पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, १८३२ पासूनची परंपरा आहे त्याला, देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याचं नाव घेतात, आणि आपण त्याच्या समोरून बस पकडायच्या घाईत निघून जातो. ऑफिस सुटल्यावर अर्धा तास तिथे बस. घरी पोचलीस की कामं सुरू, मुलगी, सासूबाई, ते सगळं असणारच आहे, म्हणून हा अर्धा तास घरी जाण्याआधीचाच असू दे आणि त्याबद्दल मनात काही लावून घेऊ नकोस.

मैत्रिणींचे फोटो मात्र बघत जा. त्यातून पुढच्या वर्षाला एखादं चांगलं नाव मिळतं.

प्रश्न : बाई, मी फोंडा तालुक्यातला, वायरमनचं काम करतो. पुस्तक वाचायला वेळ मिळत नाही हे खरं सांगतो. पण यंदा आमच्या गावच्या जत्रेत पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली, संगीत नाटक, तीन महिने तालमी केल्या, अख्खं नाटक तोंडपाठ झालं, माझे सोडून दुसऱ्यांचे संवाद पण. माझी मुलगी म्हणते पप्पांनी वर्षात एकही पुस्तक वाचलं नाही. हे वाचनात धरायचं का?

धरायचं का काय, पहिल्या नंबरावर धरायचं! मुलीला हे उत्तर वाचून दाखवा.

आपण जे वाचतो त्यातलं बहुतेक दोन महिन्यांत विसरतो. तुम्ही एक अख्खा ग्रंथ अंगात भिनवलाय. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे पात्र इथे खोटं बोलतंय की खरं, समोरचा असं म्हणाला म्हणून मी तसं म्हणतो, हा विचार केल्याशिवाय संवाद पाठ होतच नाही, निदान देवळाच्या मंडपासमोर रात्री बसलेल्या आपल्या प्रेक्षकांपुढे म्हणता येत नाही, ते लगेच ओळखतात. गोव्यात मराठी घराघरात पोचली ती कीर्तनांनी, भजनांनी आणि या उत्सवातल्या नाटकांनी. गो. ब. देवलांचं ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं, म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्याच्या चालीवरचं नाटक, ते आजही कुठे ना कुठे होतं आणि ज्यांनी देवलांची एक ओळही छापलेली वाचली नाही अशा बायाबापड्यांना त्यातली पदं येतात. संगीत नाटकांतले मोठे गायक नट मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे, त्या काळची ती मोठी मंडळी कुठून घडली, याच वातावरणातून ना!

तुम्ही एवढंच करा, नाटकाची ती वही टाकू नका. तुमच्या हातचे खाडाखोडीचे, प्रॉम्प्टरने लिहिलेले शेरे असतील तसेच ठेवा. शेवटच्या पानावर कोणी कुठली भूमिका केली, हार्मोनियम, तबला कोणी वाजवला, पडद्यामागे कोण होतं, कुठल्या रात्री प्रयोग झाला हे सगळं लिहून ठेवा. गावच्या नाटकांची ही माहिती कुठेही छापली जात नाही, आणि जुनी माणसं गेली की पुसलीच जाते, याचं मला फार वाईट वाटतं. आणि एक वाक्य असंही लिहा की पहिल्या तालमीला तुम्हाला जो संवाद नुसताच लांबलचक वाटला होता आणि प्रयोगाच्या रात्री ज्याचा अर्थ लागला तो कुठला. पुढच्या वर्षी वेळ मिळाला तर त्याच नाटककाराचं दुसरं एक नाटक वाचून बघा, करायचं नसलं तरी. तुम्हाला ते भराभर समजेल, कारण नाटक वाचताना रंगमंच डोळ्यासमोर उभा करता यावा लागतो आणि तो तुम्हाला येतोच.

प्रश्न : मडगावहून लिहितोय, वय अडुसष्ट, निवृत्त. यंदा दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. त्याच्या आधी वर्षभर अक्षरं धूसर, वाचन बंदच होतं. आता नातू मोबाईलवर गोष्टी लावून देतो त्या ऐकतो. पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे असं आमच्या कट्ट्यावरचे मित्र म्हणतात. यंदाच्या वर्षात वाचन शून्य असं लिहू का?

नका लिहू. ज्ञानेश्वरीची पारायणं ऐकून आपल्या किती पिढ्या शहाण्या झाल्या, त्यांना आपण न वाचलेले म्हणतो का? कान देऊन, मध्ये थांबवून, पुन्हा मागे घेऊन ऐकलंत तर ते वाचणंच. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, मोठ्या कादंबऱ्यासुद्धा. माझं मत एवढंच की ऐकताना दुसरं काम करू नये, पेपर चाळू नये, नाहीतर आवाज कानावरून जातो आणि आत काही उरत नाही.

डोळे आता बरे झालेत हे वाचून बरं वाटलं. पण घाई नको, नजर स्थिर झाल्यावर डॉक्टर चष्म्याचा नंबर देतील तोपर्यंत ताण देऊ नका आणि डॉक्टर सांगतील तेवढाच वेळ वाचा. सुरुवात नव्या पुस्तकाने करू नका. जे लहानपणी किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षांत वाचलेलं आवडीचं पुस्तक असेल ते घ्या, ओळी ओळखीच्या असल्या की डोळ्याला कमी त्रास होतो आणि मनही रमतं. रोज नातवाला एक प्रकरण मोठ्याने वाचायला सांगा, ‘श्यामची आई’ चालेल, अडखळला तर अडखळू दे, आणि ते पुस्तक दोघांच्याही नावावर लिहा. मडगावात राहता तर गोमंत विद्या निकेतनमध्येही नातवाला घेऊन जा, १९११ पासूनची संस्था, भाषणं आणि कार्यक्रम होत असतात तिथे. कट्ट्यावरच्या मित्रांनाही बरोबर घ्या.

प्रश्न : बाई, मी केपे तालुक्यातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घरी कोंकणी, शाळा प्राथमिकला मराठी आणि मग इंग्रजी. यंदा मी पहिल्यांदा ठरवून वाचलं आणि पहिल्यांदाच कॉलेजच्या अंकात माझी कविता छापून आली! पण यादी करायला बसले तर मराठी थोडी, इंग्रजी थोडी, कोंकणी थोडी असं झालंय, कशातच धड नाही. एका मॅडमनी सांगितलं एक भाषा धर. कुठली धरू? आणि आजीने पावसात लाईट नसताना सांगितलेल्या गोष्टी यात येतात का?

कवितेबद्दल मनापासून अभिनंदन गं, तो अंक जपून ठेव, दोन प्रती मिळाल्या तर एक आजीकडे दे.

एक भाषा लिहायला धरावी लागेल कदाचित, पुढे कधीतरी, तुझं तुलाच कळेल. वाचायला कशाला धरायची? तू गोव्यातली आहेस, इथल्या मोठ्या मोठ्या माणसांच्या घरात तीन-चार भाषा एकत्र नांदल्या. कवी बा. भ. बोरकरांनी मराठीत आणि कोंकणीत दोन्हीकडे कविता लिहिली आणि दोन्हीकडे ती अस्सल आहे, तू दोन्ही वाचून बघ, एकच माणूस भाषा बदलली की कसा वेगळ्या सुरात बोलतो ते तुला कविता लिहिताना फार उपयोगी पडेल. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो हे आपले दोन ज्ञानपीठवाले, कोंकणीतले, ते वाच. आणि फार मागे जायचं तर १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, विचार कर, माणूस इंग्लंडचा, कथा ख्रिस्ताची, भाषा मराठी, ओव्या आपल्या संतांच्या वळणाच्या, आणि छपाई रोमन लिपीत! तुझी मिसळ यादी बघून मला हेच आठवलं. देवनागरीत त्याच्या आवृत्त्या आहेत, कॉलेजच्या लायब्ररीत विचार. भाषा जुनी आहे, सगळं कळणार नाही, पहिल्यांदा मराठी भाषेचं कौतुक केलेल्या ओव्याच मोठ्याने वाच.

तेव्हा तीन याद्या करू नकोस, एकच ठेव, ज्या क्रमाने वाचलंस त्या क्रमाने, आणि प्रत्येक नावापुढे भाषा लिही. मग एक गोष्ट तुला आपोआप दिसेल, इंग्रजीतलं काय वाचलं की तू मराठीकडे वळलीस, कुठली कोंकणी गोष्ट वाचून कविता सुचली. कविता कुठल्या पुस्तकानंतर आली ते तर नक्की बघ. आणि पुढच्या वर्षी जे कमी आहे ते वाढव, मला वाटतं ते मराठी असेल, कारण प्राथमिकनंतर तुटलं ते तिथेच, पण ते पुन्हा जुळायला फार वेळ लागत नाही, लहानपणी कानावर पडलेलं असतं ना.

आजीच्या गोष्टी यादीत येतातच. पण आजीने सांगितली एवढंच लिहून थांबू नकोस. तिने ती कुणाकडून ऐकली, कुठल्या गावात, तेव्हा ती केवढी होती, गोष्टीला ती काय नाव देते, हे सगळं तिला विचारून लिही, आणि शक्य असेल तर फोनवर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घे, मध्ये खोकली, मध्ये तुला चहा ठेवायला सांगितला तरी बंद करू नकोस, सगळं असू दे. हे या सुट्टीतच कर, परीक्षा झाल्यावर करू असं म्हणू नकोस.